खेचरांची वाट

अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आईवडिलांचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टनची ती पांढरी स्मारकं, शनिवारी देऊळ, रविवारी देशी किराणा. मग पाहण्यासारखं संपतं आणि सहा महिन्यांच्या मुक्कामातले साडेचार महिने उरतात. आमचे अप्पा आले तेव्हा तर हा कार्यक्रमही त्यांना नको होता. आई जाऊन वर्ष झालं होतं, गुडघे कुरकुरत होते आणि दिवसभर खिडकीशी बसून ते समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या मोजायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चालवा त्यांना, पण चढ-उतार नको, पायऱ्या नकोत, खडबडीत जमीन नको. आमच्या भागात फूटपाथ मध्येच सुरू होतो आणि मध्येच संपतो. जवळची जंगलवाट म्हणावी तर दगडधोंडे आणि मुळं. एका मित्राने सुचवलं, "अरे, त्यांना कालव्यावर घेऊन जा की."

कालवा म्हटल्यावर अप्पांचे कान टवकारले. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली बरीच वर्षं नीरेच्या कालव्यावर. तर अशा रीतीने आम्ही मेरीलँडमधल्या ग्रेट फॉल्सला पोचलो.

वॉशिंग्टन शहराच्या वर पंधरा मैलांच्या आत पोटोमॅक नदी एका खडकाळ घळईत उतरते. मैलभराच्याही आत ७६ फूट खाली. पाण्याचा तो धिंगाणा बघायला लोक येतात. त्याच्या अगदी कडेने, झाडीतून, एक बारा फुटी मातीची वाट जाते. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला शांत, हिरवट पाण्याचा जुना कालवा. ही वाट जॉर्जटाऊनपासून निघते आणि ॲपलाशियन डोंगरातल्या कंबरलँड गावापर्यंत १८४.५ मैल, म्हणजे जवळजवळ ३०० किलोमीटर, चालत राहते. आज हे सगळं राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे वीस हजार एकरांचं. चेसापीक अँड ओहायो कनाल, लोकांच्या तोंडी 'सी अँड ओ'.

अप्पांनी गाडीतून उतरून पहिला प्रश्न विचारला, "तळउतार किती?"

मी पाटीवर वाचून सांगितलं, एवढ्या अंतरात ६०५ फूट. अप्पांनी मनातल्या मनात भागाकार केला. "सोळाशेला एक? शक्य नाही. मातीचा कालवा खरवडून जाईल."

त्यांचं बरोबरच होतं. आपले कालवे पाणी वाहून नेण्यासाठी असतात, म्हणून त्यांना सगळीकडे थोडा थोडा उतार. हा कालवा पाण्यासाठी नव्हताच, होड्यांसाठी होता. इथे पाणी स्थिर हवं. म्हणून इंजिनिअरांनी सगळा उतार गोळा करून जिन्याच्या पायऱ्यांसारखा ७४ ठिकाणी ठेवला. त्या पायऱ्या म्हणजे लॉक. शंभर फूट लांब, पंधरा फूट रुंद अशी दगडी पेटी, दोन्ही टोकांना लाकडी दारं. होडी आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं, की होडी आठ-एक फूट वर. पंप नाही, इंजिन नाही, सगळं काम गुरुत्वाकर्षण करतं. एका खेपेला साधारण साडेतीन लाख लिटर पाणी खर्ची पडतं, हाही हिशेब अप्पांनीच केला. दाराच्या दोन झडपा बंद झाल्या की सरळ रेषेत येत नाहीत, वरच्या पाण्याकडे टोक करून त्यांचा कोन होतो. त्यामुळे पाणी जितकं दाबेल तितकं दार घट्ट बसतं. अप्पा त्या झडपांकडे दहा मिनिटं बघत उभे होते.

आणि इथेच त्यांच्या गुडघ्यांचं उत्तर होतं. कालव्याच्या काठची ही वाट माणसांसाठी केलेली नाही, ती खेचरांसाठी केली. होडीला लांब दोर बांधून खेचरं ती काठावरून ओढत न्यायची. शे-सव्वाशे टन कोळसा ओढणाऱ्या जनावराला चढ चालत नाही. पाणी सपाट म्हणून वाट सपाट. फक्त प्रत्येक लॉकपाशी आठ फुटांची छोटीशी चढण, तीही खेचराला झेपेल अशी. पहिल्या दिवशी आम्ही २० नंबरच्या लॉकपासून १८ नंबरपर्यंत गेलो. तीनशे-साडेतीनशे मीटर असतील. परत आलो आणि अप्पा म्हणाले, "उद्या येऊ."

आता थोडा इतिहास, कारण ही वाट जशी आहे तशी राहिली यामागे दोन मोठ्या फजित्या आणि एक पायपीट आहे.

पहिली फजिती खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांची. ॲपलाशियन डोंगरापलीकडच्या मुलुखाशी व्यापार जोडला नाही तर तिकडची वसाहत स्पॅनिश किंवा ब्रिटिशांच्या कच्छपी लागेल असं त्यांना वाटत होतं. (त्यांची स्वतःचीही पश्चिमेला बरीच जमीन होती, हे इथे नम्रपणे नमूद करतो.) १७८५ साली पोटोमॅक कंपनी निघाली, वॉशिंग्टन तिचे पहिले अध्यक्ष. नदीतूनच होड्या न्यायच्या आणि जिथे धबधबे तिथे बाजूने छोटा कालवा, अशी कल्पना. त्याच वर्षी नदीच्या वापरावरून मेरीलँड आणि व्हर्जिनियाचे प्रतिनिधी माउंट व्हर्ननला, वॉशिंग्टन यांच्या घरी, बसले. त्या बैठकीतून पुढची बैठक निघाली, तिच्यातून आणखी एक, आणि १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला राज्यघटना लिहिली गेली. नदीच्या पाण्यावरून दोन राज्यं चर्चेला बसतात आणि त्यातून देशाची घटना निघते, हे आपल्याकडच्या पाणीतंट्यांची आयुष्यभर कागदपत्रं हाताळलेल्या अप्पांना अजिबात पटत नव्हतं!

ग्रेट फॉल्सच्या व्हर्जिनियाच्या बाजूचा वॉशिंग्टन यांचा कालवा १८०२ मध्ये पुरा झाला. ते स्वतः १७९९ मध्येच गेले होते. पण नदी उन्हाळ्यात आटायची, पावसात फोफावायची, वर्षातले थोडेच दिवस होड्या चालायच्या. १८२८ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. त्या लॉकचे दगड अजून झाडीत उभे आहेत.

मग दुसरा, मोठा बेत. नदीचा नाद सोडून तिच्या मेरीलँडच्या काठाने अखंड कालवा खणायचा, थेट ओहायो नदीपर्यंत. ४ जुलै १८२८ ला राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या हस्ते कुदळ मारायचा समारंभ झाला. त्यांनी फावडं मारलं ते नेमकं झाडाच्या मुळावर. पुन्हा मारलं, पुन्हा मूळ. शेवटी राष्ट्राध्यक्षांनी अंगातला कोट काढला आणि जोर लावून माती उचलली, तेव्हा लोकांनी जल्लोष केला. त्याच दिवशी चाळीसेक मैलांवर बाल्टिमोरला आणखी एक समारंभ चालू होता. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी तेव्हा एकटेच हयात असलेले नव्वदीचे चार्ल्स कॅरल बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसवत होते.

एकाच दिवशी, एकाच ठिकाणी पोचायची शर्यत. निकाल तुम्हाला माहीत आहेच.

पॉइंट ऑफ रॉक्स नावाच्या जागी डोंगर आणि नदी यांच्यामधली पट्टी इतकी अरुंद की दोघांना जागा पुरेना. कोर्टकचेरी झाली, १८३२ मध्ये कालवा कंपनी जिंकली, आणि नंतर तडजोड करून रेल्वेलाही वाट द्यावी लागली. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलँडला पोचली. कालवा १८५० मध्ये. ओहायो नदीपर्यंत तो कधीच गेला नाही. खर्च झाला एक कोटी दहा लाख डॉलरच्या आसपास.

खणणारे हात मुख्यतः आयरिश स्थलांतरितांचे होते. १८३२ मध्ये त्यांच्या छावण्यांत पटकी शिरली. १८३४ च्या जानेवारीत विल्यम्सपोर्टजवळ आयर्लंडच्या दोन भागांतल्या टोळ्यांमध्ये कामावरून खुनी मारामाऱ्या झाल्या, आणि राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी सैन्य पाठवलं. कामगारांच्या तंट्यात केंद्राचं सैन्य उतरण्याची या देशातली ती पहिली वेळ. आम्ही परदेशात नोकरीला आलेली मंडळी आपल्या व्हिसाच्या रडगाण्यात इतकी रमलेली असतो की पायाखालची माती कुणी टाकली याचा विचार मनात येत नाही. माझ्याही आला नव्हता. अप्पा एका भरावापाशी थांबून म्हणाले, "हे पाट्या-घमेल्याचं काम आहे." तेव्हा आला.

सर्वांत अवघड काम पॉ पॉचा बोगदा. नदीची मोठी वळणं टाळायला डोंगरातून ३,११८ फूट. दोन वर्षांत होईल म्हणून १८३६ मध्ये घेतला, मध्ये पैसे संपून काम वर्षानुवर्षं बंद पडलं आणि तो १८५० मध्ये उघडला. आतून साठ लाख विटांचं अस्तर. एका वेळी एकच होडी जाईल इतका अरुंद. समोरासमोर आलेल्या दोन होड्यांचे नाखवे मागे हटायला तयार होईनात, शेवटी कंपनीच्या माणसाने धूर करून त्यांना बाहेर काढलं, अशी दंतकथा सांगतात. पुण्याच्या बोळात समोरासमोर अडकलेल्या रिक्षा पाहिलेल्या माणसाला तरी ती खरी वाटते.

कालवा अगदी निकामी ठरला असं मात्र नाही. १८७० च्या दशकात पाचशेहून जास्त होड्या कंबरलँडचा कोळसा राजधानीकडे नेत होत्या. अख्खी कुटुंबं होडीवर राहायची. दमलेली खेचरं पुढच्या भागातल्या तबेल्यात विश्रांती घेत, ताजी जोडी काठावर ओढत असे, आणि खेचरांबरोबर चालायचं काम घरातल्या पोरांचं. अगदी तान्हं पोर पाण्यात पडू नये म्हणून दोरीने डेकला बांधून ठेवत. (बांधकामावर साडीच्या झोळीशेजारी पायाला दोरी बांधलेली पोरं मी आपल्याकडे पाहिली आहेत. लिहिता लिहिता आठवलं.) लॉकजवळ आलं की हाळी घालायची, मग रात्र असो की दिवस, लॉकवाल्याने घरातून उठून दार उघडायचं. त्यांची छोटी पांढरी घरं अजून वाटेवर दिसतात. काही घरं तर आता रात्रीच्या मुक्कामाला भाड्याने मिळतात.

मग १८८९ चा पूर. पेनसिल्व्हेनियात जॉन्सटाउन शहर ज्याने धुऊन नेलं तेच ते वादळ. कंपनीचं दिवाळं वाजलं आणि कालवा गेला कुणाच्या ताब्यात, तर सर्वांत मोठा धनको म्हणून त्याच रेल्वेच्या! रेल्वेला कालवा चालवायची हौस नव्हती, प्रतिस्पर्धी रेल्वेला ती सपाट पट्टी मिळू नये एवढीच काळजी होती. १९२४ च्या पुरानंतर होड्या कायमच्या थांबल्या. १९३८ मध्ये सरकारने वीस लाख डॉलरला तो विकत घेतला आणि मंदीच्या काळात काम शोधणाऱ्या तरुणांच्या, मुख्यतः काळ्या तरुणांच्या, दोन छावण्यांनी खालच्या बावीस मैलांची डागडुजी केली.

आता माझ्या पोटापाण्याचा संबंध येतो. मी रस्त्यांचा इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी नियोजकांनी कालव्याकडे पाहिलं तेव्हा त्यांना काय दिसलं असेल, हे मला कुणी सांगायला नको. सलग मालकीची जमीन. भूसंपादन नाही. जवळजवळ सपाट. वळणं सौम्य. शेजारी नदी. १९५० मध्ये बेत तयार झाला की कालव्याच्या जागी गाड्यांसाठी एक निसर्गरम्य रस्ता करावा. ३ जानेवारी १९५४ ला 'वॉशिंग्टन पोस्ट'ने अग्रलेख लिहून त्याला पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं असं की चालणारे मूठभर, गाडीवाले हजारो, त्यांनाही नदी बघू द्या. यात काहीच दुष्ट नव्हतं. डोंगरातल्या गावांनाही रस्ता हवा होता. मी त्या काळी त्या कार्यालयात असतो तर नकाशा मीच काढला असता, आणि चांगला काढला असता.

अग्रलेखाला उत्तर आलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाकडून. विल्यम डग्लस. १९३९ पासून न्यायासनावर, मोठा भटक्या. लहानपणी आजाराने पाय अशक्त झाले म्हणून गावाबाहेरच्या टेकड्या चढून चढून त्यांनी ते बळकट केले, असं ते स्वतः सांगत. हिमालयातही हिंडून आले होते आणि त्यावर पुस्तक लिहिलं होतं. (लग्नं चार केली, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) १९ जानेवारीला छापून आलेल्या पत्रात त्यांनी संपादकांना सरळ आमंत्रण दिलं की माझ्याबरोबर सगळा कालवा चाला, आणि मग तुमचं मत काय ते लिहा.

आपल्याकडे असं पत्र आलं असतं तर चार दिवस वाचकांच्या पत्रव्यवहारात धुरळा उडाला असता आणि विषय संपला असता. इथे संपादकांनी आमंत्रण स्वीकारलं. २० मार्च १९५४ ला कंबरलँडहून मंडळी निघाली. डग्लस तेव्हा ५५ वर्षांचे. बरोबर निसर्गशास्त्रज्ञ ओलाउस म्युरी, हार्वी ब्रूम, 'पोस्ट'चे रॉबर्ट एस्टाब्रुक आणि मर्लो प्यूसी, शिवाय हौशे-नवशे आणि बातमीदार. जेवणाखाणाची व्यवस्था एका स्थानिक ट्रेकिंग क्लबने पाहिली. आठ दिवस, रोज सरासरी २३ मैल. पूर्ण अंतर चालून पुरं केलं फक्त नऊ जणांनी. त्यांत डग्लस होते, संपादक नव्हते. पण महिना संपायच्या आत 'पोस्ट'ने नवा अग्रलेख लिहिला आणि कालव्याच्या पट्टीतूनच रस्ता न्यायचा आग्रह बराचसा सोडला. पूर्ण माघार नव्हे, पण आपण बदललो हे त्यांनी छापून सांगितलं, हे मला जास्त मोठं वाटतं.

त्या पायपिटीने सगळं जिंकलं असं मात्र समजू नका. पुढे सतरा वर्षं समित्या, विधेयकं, विरोध. १९६१ मध्ये आयझेनहॉवर यांनी जाता जाता वरच्या भागाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला, ८ जानेवारी १९७१ ला निक्सन यांनी सही केली तेव्हा कुठे राष्ट्रीय उद्यान झालं. १९७७ मध्ये ते डग्लस यांच्या नावाने समर्पित केलं. आणि खालच्या काही मैलांत रस्ता झालाच. आज त्याचं नाव क्लारा बार्टन पार्कवे. कार्डेरॉकच्या खाली वाटेवर चालताना गाड्यांची घरघर सतत ऐकू येते. वर ग्रेट फॉल्सपाशी ती नसते. त्या घरघरीवरून १९५४ चा नकाशा कानाने वाचता येतो. कामावर जाताना मी स्वतः त्याच रस्त्याने जातो, हेही सांगून टाकतो.

अप्पांचं म्हणाल तर आम्ही दर शनिवारी, रविवारी जाऊ लागलो. महिन्याभरात ते लॉक पंधरापर्यंत पोचले. लॉक पंधराच्या खाली वाइडवॉटर नावाचा भाग आहे. तिथे इंजिनिअरांनी खणायचे कष्ट वाचवून नदीचं जुनं कोरडं पात्रच कालव्यात घेतलं, त्यामुळे कालव्याचं एकदम तळं झाल्यासारखं दिसतं. ओंडक्यांवर कासवं ओळीने ऊन खात बसतात. निळसर बगळा एका पायावर इतका वेळ उभा राहतो की अप्पांनी त्याला 'आमचे हेडक्लार्क' असं नाव ठेवलं. चालता चालता ते आईबद्दल बोलायला लागले. घरात बोलत नसत. कालव्यावरच्या क्वार्टरमध्ये नवीन संसार मांडला तेव्हा संध्याकाळी दोघं काठाकाठाने फिरायला जायची, हे मला पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा कळलं.

जायच्या आदल्या आठवड्यात ते उलट्या दिशेने, २१ नंबरच्या स्वेन लॉकपर्यंत चालले. सव्वादोन मैलांहून थोडं जास्त, आणि तेवढंच परत. मधे एकही चढण नाही, कारण मधे एकही लॉक नाही. मी दोनदा बाकावर टेकलो, ते एकदा.

तुमची मुलं वॉशिंग्टनच्या आसपास असतील आणि तुम्ही येणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. ग्रेट फॉल्स टॅव्हर्न या जुन्या पांढऱ्या इमारतीपाशी गाडी लावा, तिथेच लॉक २० आहे. खाली दहा-एक मिनिटं चालल्यावर ऑल्मस्टेड बेटावर जाणारा लाकडी पूल लागतो. १९७२ च्या ॲग्नेस वादळाने जुने पूल वाहून नेले, ते १९९२ मध्ये पुन्हा झाले. त्यावरून धबधब्यासमोर जाता येतं, पायऱ्यांची कटकट जवळजवळ नाही. जरा जास्त दम असेल तर मागच्या जंगलात गोल्ड माइन वाट आहे, तिथे खरंच सोन्याची खाण होती, १९३९ च्या सुमारास बंद पडली. 'बिली गोट' नावाच्या पाटीवर ए अक्षर दिसलं तर मात्र मुलांनी कितीही आग्रह केला तरी ऐकू नका. तिथे कातळावर हातापायांनी चढावं लागतं. नदीचं पाणी वरून संथ दिसलं तरी त्यात पाय घालू नका, दरवर्षी माणसं बुडतात. पाण्याची बाटली घ्या. आणि वसंतानंतर आलात तर गवतातल्या गोचिडांसाठी पायमोजे वर ओढा, अप्पांनी पँट मोज्यात खोचून तीन महिने काढले.